वेगासचा अर्धाच दाखला

मराठवाड्याच्या मागासलेपणावर उपाय सुचवताना एक दाखला हमखास दिला जातो. अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात, जिथे कुसळही उगवत नव्हतं, तिथे जुगाराला परवानगी दिली आणि लास वेगाससारखं शहर उभं राहिलं. मग आपल्याकडच्या ओसाड माळावर कॅसिनो का नको? गोव्याला जमलं, सिक्कीमला जमलं, महाराष्ट्रानेच काय घोडं मारलं? हा प्रश्न हवेतला नाही. विधिमंडळाने 1976 मध्ये कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर आणणारा कायदा मंजूर केला होता. तो अमलात आणण्याची अधिसूचना मात्र कधी निघालीच नाही आणि 47 वर्षं तो कायद्याच्या पुस्तकात पडून राहिला. तो लागू करा म्हणून मागण्या झाल्या, विषय उच्च न्यायालयापर्यंत गेला. अखेर 2023 च्या ऑगस्टमध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. तो निर्णय योग्य होता असं माझं ठाम मत आहे. पण निर्णयाचं समर्थन ज्या नैतिक भाषेत झालं, तेवढ्याने वेगासचा दाखला देणाऱ्याचं समाधान होत नाही. त्याला जुगार वाईट की चांगला याच्याशी कर्तव्य नसतं, त्याला विकास हवा असतो. नांदेड, लातूरच्या किंवा उमरीसारख्या तालुक्याच्या गावच्या माणसाने विकास मागितला तर त्यात चूक काहीच नाही. म्हणून या दाखल्याला उत्तरही विकासाच्याच हिशेबाने दिलं पाहिजे. तो हिशेब मांडला की दिसतं, की वेगासच्या गोष्टीचा अर्धाच भाग आपल्याला सांगितला जातो, आणि उरलेला अर्धा नेमका आपल्या कामाचा आहे.

हे शहर जुगारातून जन्मलेलं नाही. तिथे जमिनीतून आपोआप वर येणारे झरे होते, म्हणून तिथे वाफेच्या इंजिनांसाठी रेल्वेचा थांबा झाला. 15 मे 1905 रोजी रेल्वे कंपनीने भूखंडांचा लिलाव केला आणि गाव वसलं. त्या रेल्वेच्या मालकांपैकी सिनेटर विल्यम क्लार्क यांचं नाव आजही त्या कौंटीला आहे. त्यानंतरची पंचवीस वर्षं ते रेल्वेच्या पगारावर जगणारं एक लहान गाव होतं. नेवाडाने 1910 मध्ये जुगारावर बंदी घातली होती, ती 19 मार्च 1931 रोजी उठवली. हीच तारीख दाखला देणाऱ्यांच्या तोंडी असते. त्याच वर्षी तिथून अवघ्या 50 किलोमीटरवर कोलोरॅडो नदीवर हूवर धरणाचं काम सुरू झालं, ही गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. मंदीने अमेरिका गांजलेली असताना केंद्र सरकारचा पैसा त्या वाळवंटात ओतला जात होता आणि हजारो कामगारांना मजुरी मिळत होती. धरण झालं, त्याच्यामागे लेक मीड हा जलाशय झाला, वीज आली. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आलं, 1951 पासून शहराच्या उत्तरेला अणुचाचण्यांचं क्षेत्र आलं, आणि त्यासोबत सरकारी नोकऱ्या आल्या. साडेचारशे किलोमीटरच्या आत लॉस एंजेलिससारखं श्रीमंत महानगर होतं. वातानुकूलन यंत्रं आली तेव्हा कुठे उन्हाळ्यात तिथे मुक्काम करणं शक्य झालं. रेल्वे, धरण, वीज, लष्कर आणि शेजारचं महानगर हा त्या शहराचा पाया होता आणि जुगार त्यावर चढला. आधी कळस मग पाया असं तिथेही झालं नाही. धरणाच्या कामगारांसाठी सरकारने जे बोल्डर सिटी नावाचं गाव वसवलं, तिथे जुगाराला मनाई होती आणि ती आजही आहे. ज्या राज्याच्या नावाने आपल्याला कॅसिनो सुचवला जातो, त्याच राज्यात धरण बांधणाऱ्यांचं गाव जुगाराशिवाय नव्वद वर्षं नीट नांदतं आहे.

वेगासकडे आणखी एक गोष्ट होती, जी आता जगात कोणालाच मिळणार नाही: मक्तेदारी. 1931 पासून जवळजवळ अर्धशतक अख्ख्या अमेरिकेत कायदेशीर कॅसिनो फक्त नेवाडात होते. वीस कोटींच्या देशाला खेळायचं तर तिथेच जावं लागे. न्यू जर्सी राज्याने 1976 मध्ये सार्वमत घेऊन अटलांटिक सिटी या उतरणीला लागलेल्या समुद्रकाठच्या शहरात कॅसिनोंना मोकळीक दिली आणि 1978 मध्ये पहिला कॅसिनो सुरू झाला. हेतू तोच होता, मागे पडलेल्या शहराचं पुनरुज्जीवन. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया हाकेच्या अंतरावर असल्याने काही वर्षं पैसा आला. मग शेजारच्या राज्यांनीही कॅसिनो उघडले आणि 2014 या एकाच वर्षात अटलांटिक सिटीतले चार मोठे कॅसिनो बंद पडले. दोन वर्षांनी शहराचा कारभारच राज्य सरकारला ताब्यात घ्यावा लागला. मराठवाड्याचं भवितव्य तपासायचं असेल तर वेगासपेक्षा अटलांटिक सिटीकडे पाहणं प्रामाणिकपणाचं ठरेल, कारण आपणही उशिरा येणारे ठरू. गोव्यात मांडवीच्या पात्रात कॅसिनोची जहाजं उभी आहेत, गंगटोकची दारं उघडी आहेत. हैदराबादचा किंवा पुण्याचा पैसेवाला माणूस समुद्र सोडून उमरीच्या माळावर का येईल, याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. खुद्द वेगासनेही मक्तेदारी गेल्यावर आपला धंदा बदलला. तिथल्या मुख्य रस्त्यावरच्या मोठ्या हॉटेलांचं उत्पन्न गेली वीसेक वर्षं जुगारापेक्षा खोल्या, जेवण, कार्यक्रम आणि अधिवेशनं यांतून जास्त येतं. आणि एकाच धंद्यावर पोट असलेल्या शहराचं काय होतं, हेही तिथे दिसलं. एप्रिल 2020 मध्ये कोविडच्या टाळेबंदीत लास वेगासमधली बेरोजगारी 30 टक्क्यांच्या वर गेली. पाऊस चुकला की अख्खं वर्ष जातं, हा अनुभव सोयाबीन आणि कापसावर जगणाऱ्या भागाला पुरेसा आहे. त्यात आणखी एका लहरी पिकाची भर आपल्याला परवडणारी नाही.

आता पाण्याकडे येतो, कारण या वादातला माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा तोच आहे. लास वेगासला वर्षाकाठी सरासरी पाऊस पडतो सुमारे 100 मिलिमीटर. लातूरला सरासरीने त्याच्या सात-आठ पट पडतो, नांदेडला त्याहूनही थोडा जास्त. तरीही एप्रिल 2016 मध्ये मांजरा धरण कोरडं पडल्यावर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. 12 एप्रिलला पहिली गाडी पोहोचली तेव्हा दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर पाणी होतं. त्याआधी पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. शंभर मिलिमीटर पावसाचं शहर कधी रेल्वेच्या पाण्यावर जगलेलं नाही. याचं कारण जुगार नक्कीच नाही. कोलोरॅडोच्या पाण्याची वाटणी 1928 च्या कायद्याने ठरली, त्यात नेवाडाच्या वाट्याला वर्षाला तीन लाख एकर-फूट, म्हणजे आपल्या मापाने सुमारे 13 टीएमसी पाणी आलं. कॅलिफोर्निया आणि अॅरिझोना यांच्या तुलनेत तो वाटा नगण्य आहे. शहराची तहान नव्वद टक्के या पाण्यावर भागते आणि कौंटीची लोकसंख्या आज वीस लाखांच्या वर आहे. ज्या झऱ्यांमुळे गाव वसलं, ते उपसून उपसून 1962 मध्ये आटले, तो धडा त्यांनी घेतला. घरात, हॉटेलात, न्हाणीघरात वापरलेलं जवळजवळ सगळं पाणी तिथे शुद्ध करून पुन्हा वापरलं जातं किंवा लेक मीडमध्ये परत सोडलं जातं, आणि जेवढं परत सोडलं तेवढं ठरलेल्या वाट्यावर पुन्हा उचलता येतं. 1999 पासून अंगणातली हिरवळ काढून टाकणाऱ्याला पाणीसंस्था रोख पैसे देते. नुसत्या शोभेच्या हिरवळीला नदीचं पाणी देण्यावर नेवाडाने 2021 मध्ये कायद्यानेच बंदी आणली, ती पूर्ण अमलात आणण्याची मुदत 2026 च्या अखेरची. कुठल्या वारी कोणत्या वस्तीने झाडांना पाणी घालायचं हे ठरलेलं असतं आणि रस्त्यावर पाणी वाहू दिलं तर दंड होतो. दोन दशकांत लाखोंनी माणसं वाढूनही शहराने नदीतून प्रत्यक्षात खर्च केलेलं पाणी 2002 पेक्षा कमी झालं. आता आपल्याकडे पाहा. उमरीच्या शेजारी धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे, क्षमता 2.74 टीएमसी. सर्वोच्च न्यायालयाच्या 28 फेब्रुवारी 2013 च्या निकालानुसार 1 जुलै ते 28 ऑक्टोबर त्याची दारं उघडी ठेवावी लागतात, म्हणजे पूर असतो तेव्हा आपण तो अडवू शकत नाही. वाटणीत हात बांधलेले असणं काय असतं हे आपल्याला वेगासवाल्यांइतकंच कळतं. फरक इतकाच, की त्यांनी मिळालेल्या वाट्यातला थेंब थेंब फिरवून फिरवून वापरला, आणि आपल्या शहरांचं सांडपाणी अजूनही मोठ्या प्रमाणात तसंच गोदावरीत जातं. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? पाण्याची ही शिस्त आणल्याशिवाय हजार खोल्यांचं हॉटेल काय, साधा औद्योगिक परिसरसुद्धा इथे टिकणार नाही. वेगासकडून उचलायचाच असेल तर पाण्याचा कायदा उचलावा.

यावर उत्तर मिळतं, की पाहुणे यावेत तर काहीतरी ओढ हवी, आणि मराठवाड्यात पाहण्यासारखं आहेच काय? या प्रश्नाचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण तो विचारणाऱ्यांत बाहेरच्यांपेक्षा आपलेच लोक जास्त असतात. वेगासला जाणाऱ्याच्या हातात जी माहितीपुस्तिका पडते, तिच्यात 'जवळपासची ठिकाणं' म्हणून काय असतं ते पाहू. रेड रॉकचे लाल कडे तीसेक किलोमीटरवर, हूवर धरण पन्नासवर, व्हॅली ऑफ फायर ऐंशीच्या आसपास, डेथ व्हॅली दोनशेच्या घरात, आणि ग्रँड कॅन्यनचा प्रसिद्ध दक्षिण काठ तब्बल साडेचारशे किलोमीटरवर. त्यांच्या लेखी तेही 'जवळपास'च. यातलं एकही ठिकाण कॅसिनोवाल्यांनी बांधलेलं नाही. डोंगर, दऱ्या, वाळवंट आणि धरण ही सगळी सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारी खात्यांनी सांभाळलेली. तिथे फाटक किती वाजता उघडतं, प्यायचं पाणी कुठे मिळेल, कोणत्या महिन्यात उन्हामुळे कोणती पायवाट बंद असते, गाडीसाठी आगाऊ नोंदणी लागते का, हे सगळं छापलेलं आणि खरं असतं. रेड रॉकच्या रस्त्यावर ऑक्टोबर ते मे या गर्दीच्या काळात वेळ ठरवून प्रवेश देतात. पर्यटन म्हणजे मुख्यतः हे असतं: विश्वासाने सांगता येईल अशी माहिती, आणि ती खरी ठरेल अशी व्यवस्था.

आता उमरी स्टेशनावरून पाहू. नांदेडहून निजामाबादकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं हे तालुक्याचं गाव. हैदराबाद मुक्तिसंग्रामात जानेवारी 1948 मध्ये इथल्या बँकेवर स्वातंत्र्यसैनिकांनी धाड घातली आणि निजामाच्या राजवटीला हादरा दिला, तो प्रसंग मराठवाड्याच्या इतिहासात नोंदलेला आहे. तालुक्यातच गोरटे आहे, 'गजानन विजय' लिहिणाऱ्या संतकवी दासगणू महाराजांचं स्थान. त्याच रेल्वेने पुढे धर्माबाद आणि गोदावरीच्या काठी बासरचं सरस्वती मंदिर. देगलूर तालुक्यात होट्टलला चालुक्यकालीन मंदिरं आहेत. कंधारला पाण्याच्या खंदकाने वेढलेला भुईकोट आहे, आणि गावात एका अजस्र क्षेत्रपालाच्या मूर्तीचे भग्न अवशेष आहेत. नुसत्या पावलांच्या तुकड्यांवरून अख्खी मूर्ती केवढी असेल याचा अंदाज बांधताना माणूस थबकतो. उत्तरेला सहस्रकुंडचा धबधबा, माहूरची रेणुका, दत्तशिखर आणि किल्ला. लातूरकडे खरोशाची लेणी, औसा आणि उदगीरचे किल्ले, ज्यातल्या उदगीरपाशी 1760 मध्ये मराठ्यांनी निजामाला नमवलं. हे सगळं वेगास ते ग्रँड कॅन्यन या अंतरापेक्षा कितीतरी कमी टापूत आहे. आणि पाहुणे नाहीत हेही खरं नाही. 1708 मध्ये गुरू गोविंदसिंग यांनी नांदेडला देह ठेवला, तेव्हापासून तख्त सचखंड श्री हजूर साहिबला पंजाबातून माणसं येत आहेत. गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीला, 2008 मध्ये, त्यांच्यासाठी शहराचा बराच भाग नव्याने बांधला गेला. अमृतसरहून दोन हजार किलोमीटर प्रवास करून सचखंड एक्स्प्रेसने माणूस इथे उतरतो, वाटेत स्टेशनास्टेशनावर त्याला लंगरचं जेवण मिळतं, गुरुद्वाऱ्याच्या निवासात तो राहतो. त्यांच्यापैकी अनेकजण पुढे बिदरच्या नानक झिऱ्याला जातात. कंधार, माहूर, होट्टलच्या वाटेला किती जातात, याचा विचार आपल्या पर्यटन खात्याने आणि जिल्हा प्रशासनाने मनापासून केला पाहिजे. वर्षभर येणारा पाहुणा दारात आहे. त्याच्या भाषेत, म्हणजे पंजाबीत आणि हिंदीत, कंधारच्या किल्ल्याची माहिती छापणं, सकाळी निघून संध्याकाळी परत येणारी एसटी सोडणं, किल्ल्यापाशी पाणी, स्वच्छतागृह आणि जाणकार वाटाड्या ठेवणं, यासाठी कॅसिनोच्या परवान्याची गरज नाही. यात फार मोठा पैसाही लागत नाही, हे मला सर्वांत बोचतं.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे. जुगार तर चालतोच आहे, तिर्रटचे डाव आणि मटक्याच्या चिठ्ठ्या कुठल्या तालुक्यात नाहीत? पोलिसांनी धाडी घालायच्या, आठ-दहा जण आणि थोडी रोकड पकडायची, पुन्हा आठवड्याने तेच. त्यापेक्षा कायदेशीर करा, कर घ्या. ऐकायला हे पटतं, पण महाराष्ट्रातच याची परीक्षा होऊन गेली आहे. सरकारने 1969 मध्ये राज्य लॉटरी काढली, तेव्हा मुंबईत मटका जोरात होता. लॉटरी कायदेशीर होती, सरकारी होती, तिकीट पानाच्या टपरीवर मिळत होतं. मटका संपला नाही, उलट पुढच्या दशकांत तो जिल्ह्याजिल्ह्यात पसरला. गोव्यात तर कॅसिनो कायदेशीर असूनही मटका गावोगाव चालतो. कारण दोन्हींचं गिऱ्हाईक वेगळं असतं. रोजंदारीवर काम करून संध्याकाळी आकडा लावणारा माणूस कॅसिनोच्या गालिच्यावर पाऊल ठेवत नाही, त्याचा आकडेवाला गल्लीतच बसतो. कॅसिनो आला तर त्या जुन्या जुगाराची जागा घेणार नाही, त्याच्या शेजारी येऊन बसेल. आणि एक नवं गिऱ्हाईक तयार करेल: जमीन विकून हातात एकरकमी पैसा आलेला शेतकरी, भूसंपादनाचा मोबदला मिळालेलं कुटुंब, ट्रॅक्टरचं कर्ज काढलेला तरुण. या भागात सावकाराच्या पाशातून अजून अनेक घरं सुटलेली नाहीत. उसनवारीवर वर्ष काढणाऱ्या मुलखात असा धंदा उघडायचा, की ज्यात घराला, म्हणजे चालवणाऱ्याला, प्रत्येक डावात गणिताने वाटा मिळणार हे आधीच ठरलेलं असतं, हे मला क्रूरपणाचं वाटतं.

इथे तिसरा आक्षेप येतो: स्थानिकांना बंदी घालू, फक्त बाहेरचे खेळतील. असं म्हणणारा नकळत मोठी कबुली देतो. गोव्याने 1 फेब्रुवारी 2020 पासून गोमंतकीयांना कॅसिनोत खेळायला मनाई केली. नेपाळात नेपाळी नागरिकांना कॅसिनोत प्रवेश नाही. ज्या मोनाकोचं नाव जगभरच्या श्रीमंतांच्या जिभेवर असतं, तिथेही मोनाकोच्या नागरिकांना जुगाराच्या दालनात जाता येत नाही. सिंगापूरने 2010 मध्ये कॅसिनो उघडले तेव्हा आपल्या नागरिकांवर दिवसाला 100 डॉलर प्रवेशशुल्क बसवलं आणि 2019 मध्ये ते 150 केलं. जुगारावर ज्यांची तिजोरी भरते, त्यांनीच आपल्या माणसांना त्यापासून दूर ठेवलं आहे. ते कोणत्या धर्मोपदेशाने नव्हे, हिशेब पाहून. मग प्रश्न उरतो तो बंदी पाळण्याचा. मोनाको दोन चौरस किलोमीटरचं संस्थान आहे, सिंगापूर एक बेट आहे. नांदेड जिल्ह्याच्या एका कडेला तेलंगण, दुसऱ्या कडेला कर्नाटक, आणि रोजच्या सोयरिकी, बाजार, शेतीची ने-आण या सीमांवरून होते. इथे कोण स्थानिक आणि कोण पाहुणा हे दारावर ठरवणारी यंत्रणा आपल्याकडे उभी राहील, असं मानायला काही आधार दिसत नाही.

शेवटी स्वातंत्र्याचा मुद्दा राहतो, आणि तो मी हलका मानत नाही. सज्ञान माणसाने आपला पैसा कसा उधळायचा हे सरकारने का ठरवावं? माणसामाणसांतल्या खेळापुरता हा प्रश्न रास्त आहे. पण कॅसिनोच्या परवान्यात सरकार नुसती मुभा देत नाही, ते भागीदार होतं. कर त्याला हवा असतो, परवाना शुल्क हवं असतं, म्हणून गर्दीही हवी असते. एकदा अंदाजपत्रकात तो आकडा बसला की तो काढणं कोणत्याही पक्षाला जमत नाही, हे मराठी वाचकाला फार दूर न जाता गोव्यात पाहता येतं. तिथे जुगार कायद्यात 1992 मध्ये दुरुस्ती झाली ती पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांपुरती. 1996 मध्ये दुसरी दुरुस्ती करून समुद्रातल्या जहाजांवर टेबलावरच्या खेळांना वाट दिली. जहाजं समुद्रात न जाता मांडवीच्या पात्रात, पणजीच्या दारातच नांगर टाकून बसली. त्यांच्याविरुद्ध आंदोलनं झाली, निवडणुका लढवल्या गेल्या, विरोधात असताना पक्षांनी ती हटवण्याची आश्वासनं दिली आणि सत्तेत आल्यावर त्याच पक्षांच्या सरकारांनी त्यांना मांडवीत राहायला मुदतीमागून मुदत वाढवून दिली. ती जहाजं अजून तिथेच आहेत.